फ्लॅशदीप, अतिधारित्रयुक्त

मोबाइल दूरध्वनीतील कॅमेऱ्याने अंधुक उजेडात छायाचित्र घेताना समोरच्या वस्तूवर क्षणभर प्रखर प्रकाश टाकणाऱ्या दिव्याला फ्लॅशदीप म्हणतात. या दिव्याला लागणारी विद्युत् शक्ती दूरध्वनीच्या घटातून थेट न घेता आधी अतिधारित्रात साठवून नंतर एकदम सोडण्याची योजना ज्यात असते, तो अतिधारित्रयुक्त फ्लॅशदीप होय. यात प्रकाश देणारा घटक पांढऱ्या प्रकाशाचा प्रकाश-उत्सर्जक डायोड असून त्याला संक्षेपाने एलईडी म्हणतात. अतिधारित्र म्हणजे नेहमीच्या धारित्राच्या मानाने हजारो पट अधिक धारिता असलेले धारित्र होय. त्याला सुपरकपॅसिटर असेही म्हणतात.

ऊर्जा व शक्ती : या योजनेची गरज समजण्यासाठी ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. १,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या व ३.७ व्होल्ट दाबाच्या लिथियम-आयन घटात सु. १३,३०० जूल ऊर्जा असते. एका छायाचित्रासाठी फ्लॅशदीपाला सु. २ जूल ऊर्जा पुरते. म्हणजे ऊर्जेचा तुटवडा मुळीच नसतो. अडचण असते ती ही ऊर्जा सेकंदाच्या एकदशांश भागात मिळविण्याची, म्हणजेच शक्तीची. बारीक धारेच्या नळाला दिवसभर पाणी असले, तरी एकदम घागरभर पाणी ओतावयाचे झाल्यास ते आधी रांजणात भरून ठेवावे लागते. अतिधारित्राचे काम या रांजणासारखे आहे.

प्रत्येकी १ अँपिअर प्रवाहावर चालणारे ४ एलईडी घेतल्यास व प्रत्येकावरील विद्युत् दाब ३.७ व्होल्ट धरल्यास एकूण १४.८ वॉट शक्ती लागते. घटाचा दाब वाढवून देणाऱ्या मंडलाची कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर घटाकडून सु. १७.४ वॉट शक्ती घ्यावी लागेल. ३.६ व्होल्ट दाबाच्या घटातून यासाठी सु. ५ अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. घटाचा अंतर्गत रोध व जोडण्यांचा रोध मिळून ०.१५ ओहम असल्यास या प्रवाहामुळे दाब ०.७५ व्होल्टने घसरतो. दाब घसरला की तेवढीच शक्ती देण्यासाठी प्रवाह वाढवावा लागतो आणि त्यामुळे दाब आणखी घसरतो. दाब ३ व्होल्टच्या खाली गेला की दूरध्वनीतील इतर मंडले नीट काम करीत नाहीत व दूरध्वनी अचानक बंद पडण्याचा संभव असतो. जीएसएम पद्धतीच्या दूरध्वनीतील प्रेषक दर ४.६ मिलिसेकंदांनी सु. ०.५८ मिलिसेकंदापुरता २ अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. फ्लॅशची व प्रेषणाची वेळ एकच आली, तर घटावरील ताण अधिकच वाढतो. म्हणून घटावर थेट चालणाऱ्या मोबाइल दूरध्वनींत फ्लॅशचा एकूण प्रवाह बहुधा १ ते २ अँपिअरपर्यंत मर्यादित ठेवावा लागतो व प्रेषण चालू असताना तो तात्पुरता कमी करण्याची सोय करावी लागते.

झेनॉन फ्लॅशदीप : छायाचित्रणातील इलेक्ट्रॉनीय फ्लॅशचा पाया अमेरिकन अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९३० नंतरच्या दशकात घातला. यात सु. ३०० व्होल्ट दाबापर्यंत भारित केलेले धारित्र झेनॉन वायू भरलेल्या काचनलिकेतून एकदम विसर्जित केले जाते. विसर्जन सुरू होण्यासाठी नलिकेवर काही हजार व्होल्टचा क्षणिक स्पंद द्यावा लागतो. २५ मायक्रोफॅराडच्या धारित्रात ३३० व्होल्ट दाबाला सु. १.३६ जूल ऊर्जा साठते व तीतून मिलिसेकंदाहून पुष्कळच कमी वेळ टिकणारा अतिशय प्रखर प्रकाश मिळतो. सोनी एरिक्सन के ८०० (२००६), नोकिया एन ८२ (२००७), नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू (२०१२) व नोकिया लुमिया १०२० (२०१३) या मोबाइल दूरध्वनींत असा फ्लॅश होता. परंतु उच्च दाबाचे धारित्र जाड असते. त्यासाठी लहान रोहित्र लागते. उच्च दाबापासून इतर मंडलांचे व वापरणाऱ्याचे रक्षण करावे लागते. शिवाय हा दीप चलत्‌चित्रणासाठी किंवा विजेरी म्हणून सतत लावता येत नाही. दूरध्वनी जसजसे पातळ होत गेले, तसतशी ही गैरसोय जाणवू लागली.

एलईडी चपटा असून तो कमी दाबावर चालतो आणि विजेरी म्हणूनही उपयोगी पडतो. जपानमधील इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांच्या संशोधनामुळे कार्यक्षम निळा एलईडी साध्य झाला व त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या अनुस्फुरक पदार्थाचा थर दिला म्हणजे दोन्ही मिळून पांढरा प्रकाश मिळतो. मात्र एलईडीची तत्क्षणीची प्रखरता झेनॉन नलिकेच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे तो अधिक प्रवाहाने व अधिक वेळ लावून ही उणीव भरून काढणे भाग पडते. अतिधारित्राची योजना पुढे आली ती याच कारणाने.

अतिधारित्राचे तत्त्व : धारित्राची धारिता पट्टांच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात व त्यांच्यातील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. अतिधारित्रात पट्टांऐवजी सक्रियित कार्बनाची विद्युत् अग्रे वापरतात. या कार्बनात असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्याने त्याच्या १ ग्रॅमचे पृष्ठफळ १,००० चौ. मी. वा त्याहून अधिक भरते. अग्रे विद्युत् विच्छेद्य विद्रावात बुडालेली असतात व त्यांच्यामध्ये सच्छिद्र विभाजक असतो. अग्रांना दाब दिला असता विद्रावातील आयन कार्बनाच्या पृष्ठभागालगत गोळा होतात. विरुद्ध विद्युत् भारांच्या या दोन थरांतील अंतर १ नॅनोमीटरच्या आसपास असते. क्षेत्रफळ प्रचंड व अंतर अत्यल्प असल्याने लहानशा आकारमानात फॅराडच्या दशांशापासून कित्येक फॅराडपर्यंत धारिता मिळते. यात रासायनिक विक्रिया जवळजवळ होत नसल्याने अतिधारित्र लाखो वेळा भारित व विसर्जित करता येते.

पृष्ठभागालगतच्या या दुहेरी थराची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. सच्छिद्र कार्बनाच्या अग्रांचे धारित्र अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार झाले व त्याचे एकस्व १९५७ मध्ये देण्यात आले. पुढे स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायओ कंपनीने या प्रयुक्तीत सुधारणा केल्या. तिचे अधिकार घेऊन जपानच्या एनईसी कंपनीने १९७८ मध्ये ती सुपरकपॅसिटर या नावाने बाजारात आणली. संगणकाची स्मृती वीज गेल्यावरही टिकवून धरणे एवढाच तिचा आरंभीचा उपयोग होता. अंतर्गत रोध पुष्कळ असल्याने तिच्यातून मोठा प्रवाह घेता येत नसे. कमी रोधाची व १ ते ३ मिमी. जाडीची चपटी अतिधारित्रे तयार होऊ लागल्यावरच मोबाइल दूरध्वनीत त्यांचा विचार सुरू झाला. ऑस्ट्रेलियातील कॅप-एक्सएक्स या कंपनीने अशी अतिधारित्रे व त्यांवर आधारलेली फ्लॅशदीपाची मंडले पुढे आणली. जपानच्या मुराता कंपनीने २००८ मध्ये तिच्याकडून या तंत्राचा परवाना घेतला.

मंडलाची रचना : मंडलाचे मुख्य भाग चार असतात : भारक मंडल, अतिधारित्र, एलईडी व प्रवाह-नियंत्रक.

(१) भारक मंडल घटाचा ३ ते ४.२ व्होल्ट दाब वाढवून सु. ५ व्होल्ट करते. हे काम प्रवर्तक वेटोळ्याच्या साहाय्याने किंवा लहान धारित्रे आळीपाळीने जोडणाऱ्या स्विचांच्या साहाय्याने होते. रिकामे अतिधारित्र घटाच्या दृष्टीने जवळजवळ मंडलसंक्षेपासारखे असते. शिवाय दाब वाढविणाऱ्या साध्या मंडलात अतिधारित्राचा दाब घटाच्या दाबापेक्षा कमी असेपर्यंत प्रवाह अनियंत्रितपणे वाहू शकतो. म्हणून घटातून घेतला जाणारा प्रवाह ठराविक मर्यादेत ठेवण्याची तजवीज आवश्यक असते.

(२) सेंद्रिय विद्रावाच्या अतिधारित्राचा एक कोश सु. २.५ ते २.७ व्होल्ट दाब सहन करतो. त्यापेक्षा अधिक दाबाला विद्रावाचे अपघटन होऊ लागते. ५ व्होल्टसाठी दोन कोश एकसरीत जोडावे लागतात. तसे केल्याने धारिता निम्मी व रोध दुप्पट होतो. दोन्ही कोशांतील गळतीचा प्रवाह तंतोतंत सारखा नसल्याने कालांतराने एका कोशावर अधिक दाब येतो व तो कोश लवकर निकामी होतो. हे टाळण्यासाठी मधल्या बिंदूला समतोल राखणारे रोधक किंवा लहान विवर्धक जोडतात. रोधकांतून सतत थोडी वीज वाया जाते. विवर्धकाने हा व्यय कमी होतो.

(३) एलईडीवरील दाब किंचित वाढला तरी त्यातील प्रवाह फार वाढतो व हा दाब प्रत्येक नगात थोडा वेगळा असतो. म्हणून समांतर जोडलेल्या प्रत्येक एलईडीला स्वतंत्र प्रवाह-नियंत्रक देतात.

(४) अतिधारित्राचा दाब उतरत असतानाही प्रवाह-नियंत्रक एलईडीतील प्रवाह स्थिर ठेवतो. त्याला स्वतःच्या कार्यासाठी थोडा दाब शिल्लक लागतो. कॅमेऱ्याकडून इशारा येताच तो दीप लावतो व ठरलेल्या वेळी बंद करतो. या वेळात भारक मंडल थांबविता येते व त्यामुळे घटावर फ्लॅशचा भार मुळीच येत नाही.

अभिकल्प : अतिधारित्र निवडताना धारिता व अंतर्गत रोध या दोन्ही राशी एकत्र विचारात घ्याव्या लागतात. प्रवाह सुरू होताच रोधामुळे दाब एकदम घसरतो व नंतर विद्युत् भार कमी होईल तसतसा तो एकसारखा उतरत जातो. वरील उदाहरणात एकूण प्रवाह ४ अँपिअर व वेळ ०.१ सेकंद घेऊ. प्रत्येकी १ फॅराड व ०.०४ ओहमचे दोन कोश एकसरीत जोडल्यास धारिता ०.५ फॅराड व रोध ०.०८ ओहम होतो. रोधामुळे होणारी घट ४ × ०.०८ = ०.३२ व्होल्ट व विसर्जनामुळे होणारी घट ४ × ०.१ ÷ ०.५ = ०.८ व्होल्ट येते. एलईडीसाठी ३.७ व प्रवाह-नियंत्रकासाठी ०.३ व्होल्ट धरल्यास अतिधारित्राचा आरंभीचा दाब ३.७ + ०.३ + ०.३२ + ०.८ = ५.१२ व्होल्ट असावा लागतो.

दाब ५.१२ वरून ४.३२ व्होल्टवर येताना अतिधारित्रातून सु. १.८९ जूल ऊर्जा बाहेर पडते. तीपैकी १.४८ जूल एलईडीला मिळते, ०.१३ जूल अंतर्गत रोधात व उरलेली सु. ०.२८ जूल प्रवाह-नियंत्रकात उष्णतेच्या रूपाने खर्च होते. घटातून फक्त ०.५ अँपिअर प्रवाह घेण्याचे ठरविल्यास ३.६ व्होल्ट दाबाला व ८५ टक्के कार्यक्षमतेला सु. १.५ वॉट शक्ती मिळते व पुढील छायाचित्राची तयारी सु. सव्वा सेकंदात होते. पूर्ण रिकामे अतिधारित्र प्रथम भरण्यास मात्र ४ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणून कॅमेरा सुरू करताच भारण सुरू करतात.

धारिता व रोध यांपैकी कोणती राशी अधिक महत्त्वाची, हे फ्लॅशच्या कालावधीवर अवलंबून असते. वरील उदाहरणात कालावधी ०.०२ सेकंद घेतल्यास विसर्जनामुळे होणारी घट ०.१६ व्होल्टच राहते, पण रोधामुळे होणारी ०.३२ व्होल्टची घट कायम असते. अशा वेळी धारिता वाढवून विशेष लाभ होत नाही. रोध कमी करावा लागतो. तसेच खोल छिद्रांतील आयनांना बाहेर येण्यास वेळ लागत असल्याने अल्पकालीन स्पंदात अतिधारित्राची पूर्ण धारिता उपयोगात येत नाही. त्यामुळे संथ विसर्जनाने मोजलेल्या धारितेवर विसंबून केलेला अभिकल्प फसण्याची शक्यता असते.

वयोमान व तापमान : अतिधारित्र जुने होते तसतशी त्याची धारिता घटते व रोध वाढतो. धारिता ०.४ फॅराड व रोध ०.१२ ओहम झाला, तर वरील फ्लॅशसाठी ३.७ + ०.३ + ०.४८ + १.० = ५.४८ व्होल्ट दाब लागेल. दोन कोशांच्या जोडीची मर्यादा ५ ते ५.५ व्होल्ट असल्याने अशा वेळी अभिकल्पात शिल्लक जवळजवळ उरत नाही. नव्या नगावर उत्तम चालणारे मंडल दोन वर्षांनी अपुरे पडू नये, यासाठी हिशोब आयुष्याच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या मूल्यांवरून करणे इष्ट असते. अधिक दाब व अधिक तापमान या दोहोंनी आयुष्य घटते. तापमानातील दर १० अंश से. वाढीमागे आयुष्य सु. निम्मे होते, असा ढोबळ नियम वापरतात. म्हणून कॅमेरा बंद असताना अतिधारित्र कमी दाबावर ठेवणे हिताचे असते. थंडीत विद्रावातील आयनांची गती मंदावून रोध वाढतो. एलईडीला लागणारा दाबही थंडीत किंचित वाढतो.

या अडचणीवर उपाय म्हणून काही नियंत्रक मंडले एलईडीवरील दाब व अतिधारित्राचा रोध स्वतःच मोजतात आणि आवश्यक तेवढ्याच दाबापर्यंत भारण करतात. नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीचे ५ अँपिअर प्रवाहाचे एलएम ३५५० हे संकलित मंडल या प्रकारचे होते.

प्रकाशाचा पल्ला व वेळ : छायाचित्राच्या दृष्टीने महत्त्वाची राशी म्हणजे वस्तूवर पडणारी प्रदीप्ती व तिचा कालावधी यांचा गुणाकार होय. तो लक्स-सेकंद या एककात मोजतात. प्रदीप्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने प्रवाह १ ऐवजी ४ अँपिअर केला, तरी फ्लॅशचा पल्ला फार तर दुप्पट होतो. अधिक प्रवाहाला एलईडीची कार्यक्षमता काहीशी उतरत असल्याने प्रत्यक्ष लाभ याहूनही थोडा कमी असतो. कालावधी वाढवून प्रकाश वाढविता येतो, परंतु हालत्या वस्तूचे चित्र तेवढे अस्पष्ट होते. या बाबतीत अत्यल्पकालीन झेनॉन फ्लॅश सरस ठरतो.

उलट मोबाइल कॅमेऱ्यातील सीमॉस संवेदक चित्राच्या ओळी एकामागून एक उद्‌भासित करीत असल्याने यांत्रिक झडप नसल्यास अत्यल्पकालीन फ्लॅश काही ओळींनाच मिळतो व चित्रात उजळ पट्टा दिसतो. पहिली ओळ उद्‌भासित होऊ लागल्यापासून शेवटची ओळ पूर्ण होईपर्यंत एकसारखा प्रकाश देणे एलईडीला शक्य असते. प्रवाह-नियंत्रकाने प्रवाह स्थिर राखणे या दृष्टीनेही आवश्यक ठरते. तसे न झाल्यास चित्राचा एक भाग दुसऱ्यापेक्षा काळसर येतो.

सुरक्षितता : अतिधारित्रात साठलेली ऊर्जा थोडी असली, तरी मंडलसंक्षेप झाल्यास तीतून फार मोठा प्रवाह वाहू शकतो. एलईडी सतत मोठ्या प्रवाहावर राहिल्यास तापून निकामी होतो. म्हणून कॅमेऱ्याचा इशारा अडकून पडला, तरी ठरलेल्या वेळेनंतर दीप बंद करणारा स्वतंत्र कालनियंत्रक ठेवतात. डोळ्यांवर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या ६२४७१ क्रमांकाच्या मानकात दीपांच्या सुरक्षिततेचे निकष दिलेले आहेत.

प्रसार व मर्यादा : एवढे गुण असूनही अतिधारित्रयुक्त फ्लॅशदीप मोबाइल दूरध्वनींत सार्वत्रिक झाला नाही. अतिधारित्र चपटे असले, तरी दूरध्वनीतील मोलाची जागा घेते. सेंद्रिय विद्रावाची अनेक अतिधारित्रे डाखकामाच्या भट्टीतील सु. २६० अंश से. तापमान सहन करीत नाहीत. ती मागाहून वेगळी बसवावी लागतात व उत्पादनखर्च वाढतो. दरम्यान प्रश्नाचे स्वरूपच बदलले. घट मोठे व कमी अंतर्गत रोधाचे झाले. मागच्या बाजूने प्रकाश घेणारे अधिक संवेदनक्षम संवेदक व भिंगाचे कंपन थोपविणाऱ्या यंत्रणा आल्या. अनेक चित्रे झपाट्याने घेऊन ती संगणनाने एकत्र करण्याची पद्धत रूढ झाली. गूगलच्या दूरध्वनींत २०१८ मध्ये आलेली रात्र-छायाचित्रणाची सोय हे तिचे ठळक उदाहरण होय. अधिक प्रकाश टाकण्याऐवजी असलेला प्रकाश अधिक चांगला टिपण्याकडे अभिकल्पकांचा कल झाला आणि घटावर थेट चालणारे एक किंवा दोन एलईडी पुरेसे मानले जाऊ लागले.

तरीही मंद गतीने ऊर्जा गोळा करून ती अल्पकाळात देण्याचे हे तत्त्व इतरत्र उपयोगी ठरले आहे. रेडिओ संदेश पाठविणारी मापके, वीज खंडित होताच माहिती वाचवून ठेवणाऱ्या संगणकीय संचयप्रयुक्ती इत्यादींत अतिधारित्रे वापरतात. सॅमसंग गॅलेक्सी नोट ९ (२०१८) या दूरध्वनीच्या लेखणीत घटाऐवजी अतिधारित्र असून ते सु. ४० सेकंदांत भारित होते. जेथे एकूण ऊर्जा थोडी पण क्षणिक शक्ती मोठी लागते व मूळ उद्‌गम दुर्बळ असतो, तेथे फ्लॅशदीपासाठी विकसित झालेली ही अभिकल्प-पद्धती जशीच्या तशी लागू पडते.